आधी सही तपासा

एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो. साथीच्या त्या वर्षी आमच्या वरच्या खोलीइतकी स्वच्छ खोली शोधूनही सापडली नसती. एखादा सर्जन तिथे ऑपरेशन करायला आला असता, तरी मी त्याला आधी पायपुसण्यावर उभं करून हात धुवायला लावले असते.

ही वरची खोली म्हणजे माझा जीव की प्राण. खाली आम्ही राहतो, वर ती. बाहेरून वेगळा जिना, आत पलंग, टेबल-खुर्ची, स्वतंत्र बाथरूम आणि रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी. चार-आठ दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना मी ती भाड्याने देतो. दिवसभर मी विम्याच्या कचेरीत असतो आणि तिथे पंखा लावायचा तरी शेजारच्या टेबलाला विचारावं लागतं. वरच्या खोलीचा मात्र मी यजमान! पाहुणे जाताना वेबसाइटवर चांगले दोन शब्द लिहून जायचे आणि ते मी जेवताना बायकोला वाचून दाखवायचो. तिसऱ्यांदा वाचायला घेतले की ती ताट उचलून स्वयंपाकघरात जायची.

साथ आली आणि पाहुणे बंद झाले. त्याच सुमारास माझे सासरे आठ दिवस राहायला म्हणून आले आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्या गाड्या बंद पडल्या. तेव्हापासून बाबा हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होते. सोफा आखूड, बाबा लांब. गुडघे धरलेले, चालायला काठी लागते, म्हणून खाली गादीवर झोपायचीही सोय नाही.

"वर पलंग रिकामा पडलाय आणि माझे बाबा इथे मुटकुळं करून झोपतात," बायको रोज म्हणायची.

"अगं, बुकिंग आज सुरू होईल नाहीतर उद्या," मीही रोज म्हणायचो.

एकदाची परवानगी मिळाली, पण सोबत नियमांचं बाड आलं. खोली निर्जंतुक करा, कड्या-नळ-बटणं पुसा, चादरी उकळत्या पाण्यातून काढा, किल्ली हातात देऊ नका, पाहुण्यापासून सहा फूट लांब राहा. हे वाचून बाकीच्या यजमानांनी कपाळाला हात लावला असेल. मी बाह्या सरसावल्या. टीव्हीचा रिमोट औषधात बुडवून काढला, तेव्हापासून तो आवाज फक्त वाढवतो, कमी करत नाही. भिंतीवरच्या चित्रातला घोडा इतका घासला की त्याचं तोंड गेलं. निळे पडदे धुतल्यावर त्यांचा रंग कुठला म्हणायचा यावर घरात अजून एकमत नाही.

आणि पहिलं बुकिंग आलं. घरबसल्या कॉम्प्युटरवर काम करणारी एक मुलगी. "त्याच चार भिंती बघून जीव विटला, आता दुसऱ्या चार बघाव्या म्हणते," असं तिने लिहिलं होतं. पण प्रश्न विचारायला भारी. खिडक्या उघडतात का, उशा नव्या आहेत का, आणि शेवटी, "काका, त्या खोलीत शेवटच्या माणसाने श्वास कधी घेतला?" 'काका' मला झोंबलं, पण धंद्यात मान-अपमान बघून चालत नाही.

बायकोने लगेच अट घातली. "या मुलीने चांगलं लिहिलं, तर खोली तुमची. वाईट लिहिलं, तर त्याच दिवशी बाबांचा बिछाना वर जाईल. मग पुन्हा बुकिंगचं नाव काढायचं नाही."

"कबूल," मी म्हणालो. सोफ्यावर बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

श्वासाच्या प्रश्नावर तोडगा मात्र बाबांनीच काढला. बाबा वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर दुकानादुकानांत जाऊन काटे तपासायचे आणि खऱ्या काट्याला शिशाचं सील ठोकायचं. आमच्या लग्नात त्यांनी वाढप्याच्या पळीचं माप तपासलं होतं, असं ऐकतो.

"जावईबापू, खोलीला सील लावा," ते म्हणाले. "पण पट्टी नुसती दारावर चिकटवाल, तर तिला अर्थ नाही. अर्धी दारावर, अर्धी चौकटीवर, आणि सही दोन्हींवरून गेली पाहिजे. दार उघडलं की सही फाटते. ज्याच्यासाठी सील लावलं, त्यानेच ते तोडायचं, तेही आधी सही तपासून. मी उभ्या आयुष्यात दुसऱ्याचं सील तोडलेलं नाही."

मुलगी यायच्या दिवशी सकाळी मी शेवटची फवारणी केली. रेनकोट, टोपी, पोहण्याचा चष्मा आणि दोन मास्क अशा थाटात. बाथरूम आधी उरकलं, त्याचं दार ओढून घेतलं, मग खोली. नवी चादर घातली. एक सुरकुती नाही! मग पट्टी आणि पेन आणायला खाली आलो. पेन सापडेना. ते सापडेपर्यंत बायको न्हाणीघरात भाज्यांना साबण लावत बसली होती आणि दाराबाहेर बाबा चुळबुळ करत येरझारा घालत होते, एवढं मी ओझरतं पाहिलं. पेन मिळालं, तेव्हा ते तिथे नव्हते.

वर जाऊन मी खोलीत एक नजर टाकली. पलंग रिकामा, खुर्ची रिकामी. दार ओढलं. कुलूप आपोआप लागणारं आहे. बाहेरून किल्ली लागते, आतून नुसती मूठ फिरवली की उघडतं. पट्टी चिकटवली आणि झोकात सही ठोकली. फोटो काढून मुलीला पाठवला. खाली लिहिलं, "आता या खोलीत तुमच्याआधी माशीसुद्धा श्वास घेणार नाही."

किल्ली फाटकाजवळच्या डबीत ठेवून मी खाली येऊन निवांत बसलो. थोड्या वेळाने वरून टक टक असा आवाज आला.

"वर कोणीतरी ठोकतंय," बायको म्हणाली.

"नळ आहे. गरम पाण्याने पाइप वाजतो."

"पाइप थांबून थांबून वाजतो का हो?"

"अगं, खोली सील आहे. आत माणूस असणं शक्यच नाही."

टक टक टक झालं. मी हसून मान हलवली आणि पाइपला उद्देशून दोन शब्द बोललो.

जेवायची वेळ झाली आणि बाबा नाहीत. आता हा माणूस असा, की ताटं मांडल्याचा आवाज त्याला दोन गल्ल्या पलीकडून ऐकू येतो. आतल्या खोलीत बघितलं, मागच्या अंगणात बघितलं. चपला दारात. फोन सोफ्यावर. बायकोचा चेहरा उतरला.

"अनवाणी बाहेर गेले की काय? अहो, त्यांच्या वयाच्या माणसांना किती जपायला सांगतात. कुठे चक्कर येऊन पडले असतील तर? सोफ्यावर झोपून झोपून अंग आखडलंय त्यांचं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एकदा वर झोपू दिलं असतंत, तर काय बिघडलं असतं?"

खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. मघाशी खोलीची काळजी होती ती कुठल्या कुठे गेली. मास्क चढवला आणि धावत सुटलो.

कोपऱ्यापर्यंत गेलो, औषधाच्या दुकानात विचारलं, बागेच्या बंद फाटकातून डोकावून आलो. परत येताना समोरच्या शिंप्याला हाक मारली. त्या दिवसांत तो मास्कच शिवत असायचा, दाराशी मशीन मांडून.

"आमचे सासरे दिसले का हो?"

"दिसले की. मघापासून तुमच्या वरच्या खिडकीत आहेत. मी हात केला, त्यांनीही केला."

"वरच्या? शक्य नाही. ती सील आहे."

"असेल," शिंपी म्हणाला आणि मशीन चालू केलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत वाक्यात वापरून मार्क मिळवलेले आहेत. तरी मी त्या शिंप्याची नजर कमजोर झाल्याबद्दल हळहळलो आणि पुन्हा बागेकडे निघालो. तेवढ्यात फोन वाजला. आमची पाहुणी.

"काका, मी तुमच्या दारात उभी आहे. वरच्या."

"या, या. डबीतून किल्ली घेतलीत ना? सील बघा आणि तोडा."

"तोच प्रॉब्लेम आहे," ती दबक्या आवाजात म्हणाली. "तुमची खोली बोलतेय."

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, आधी सही तपासा."

मी असा पळालो की शिंप्याचं मशीन थांबलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर ती मुलगी, तोंडावर मास्क, त्यावर प्लास्टिकची काच, हातमोजे, आणि हातात फोनमधला माझ्या सहीचा फोटो. ती खरोखरच सही जुळवून बघत होती. मागून बायको धापा टाकत आली.

"जुळते का?" आतून बाबांचा आवाज आला.

"जुळते," मुलगी म्हणाली.

"शेवटच्या अक्षराचं शेपूट चौकटीवर आहे का?"

"आहे."

"मग तोडा. आणि लांब उभ्या राहा."

पट्टी फाटली, दार उघडलं. उघड्या खिडकीपाशी, खुर्चीवर, मास्क लावून, ताठ बसलेले बाबा. मांडीवर मी लिहिलेली नियमांची पाटी. बायको आधी रडली आणि मग चिडली.

"बाबा, हाक का नाही मारलीत?"

"न्हाणीघर तुझ्या भाज्यांनी अडवलेलं, म्हणून इथल्या बाथरूममध्ये शिरलो आणि बाहेर येतो तो दाराला सील," म्हणत बाबांनी पाटीवर बोट ठेवलं. "खोलीत मोठ्याने बोलू नये, तुषार उडतात. अडचण आल्यास फोन करावा. फोन खाली राहिला. तरी नियम मोडून काठी आपटली मी, पण यांनी खालून मला 'गप रे पाइपा' म्हटलं."

"अहो, मूठ फिरवून सरळ बाहेर यायचं," मी म्हणालो.

"आणि सही फाटली असती ती?" बाबा म्हणाले. "या पोरीला फोटो गेलेला. तिने फाटकं सील बघितलं असतं, काय लिहिलं असतं? तुमची खोली गेली असती, जावईबापू."

मी पलंगाकडे बघितलं. चादरीवर एक सुरकुती नव्हती. सकाळपासून हा लांबलचक, आखडलेला, उपाशी म्हातारा त्या पलंगाशेजारी लाकडी खुर्चीवर बसून होता. नुसती मूठ फिरवली असती, तर तो पलंग त्याचा झाला असता. पोहण्याचा चष्मा डोक्यावर होता, तो मी उगाच डोळ्यांवर ओढला.

खोली पुन्हा निर्जंतुक करणं आलं. तोवर मुलगी अंगणाच्या एका टोकाला खुर्चीवर आणि बाबा दुसऱ्या टोकाला. सहा फुटांच्या जागी सोळा होते, म्हणजे माझा नियम काही मोडला नव्हता. मी वर औषध फवारत होतो आणि खालून हसण्याचा आवाज येत होता. एका खाटकाने काट्याखाली लोहचुंबक लावला होता आणि बाबांच्या खिशातल्या किल्ल्यांचा जुडगा तिथे जाऊन चिकटला, ती गोष्ट चालली होती. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की चुंबक कंटाळून सुटला असता. मुलगी मात्र पोट धरून हसत होती.

मग हे रोजचंच झालं. संध्याकाळी काम संपलं की ती जिन्याच्या पायरीवर, बाबा अंगणात. मी मधून मधून खिडकीतून "अंतर, अंतर" अशी आठवण करायचो.

ती गेली आणि तिचा अभिप्राय आला. या वेळी जेवताना तो बायकोने वाचला.

"स्वच्छता, दोन तारे. इतकी स्वच्छता की डोळ्यांतून पाणी येतं. टीव्ही एकदा लावला की खिडकीबाहेरची माणसंही ऐकतात. घोड्याला तोंड नाही. काका, तीन तारे. चांगले आहेत, पण खिडकीतून ओरडतात. आजोबा, पाच तारे. कितीतरी महिन्यांनी मी कोणाशी तरी समोरासमोर बोलले आणि हसले. म्हणून एकूण पाच तारे. जरूर जा."

"पाच!" मी म्हणालो. "अट मी जिंकलो."

"जिंकलात," बायको म्हणाली. "खोली तुमची."

आठवड्याभरात खोली बुक होऊ लागली. पण प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच. खिडक्या नाहीत, उशा नाहीत, श्वास तर नाहीच. "आजोबा असतात ना?" एकाने तर स्पष्ट लिहिलं, आजोबा गावाला जाणार असतील तर तारखा पुढे ढकलू.

तेव्हा बायकोने मुद्दा काढला की पाहुणे ज्यांच्यासाठी येतात, त्यांनी सोफ्यावर मुटकुळं करून झोपलेलं कसं चालेल? हा मुद्दा ती काढायच्या आधीच मी मान डोलावली होती, हे कृपया नोंदवून घ्या. खुर्चीवर ताठ बसलेले बाबा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. आम्ही आमची झोपायची खोली त्यांना दिली. घरात जास्तीची गादी एकच, ती बायकोची. सोफा माझा. सोफा आखूड आहे हे मी सांगितलंच, मीही लांब आहे हे सांगायचं राहिलं होतं.

बाबा आता दुपारी छान झोप काढतात. संध्याकाळी पाहुण्यांशी बोलायचं असतं, म्हणून मध्येच कोणी उठवलेलं त्यांना चालत नाही. बायको रोज जेवणानंतर त्या दारावर एक पट्टी लावते. अर्धी दारावर, अर्धी चौकटीवर, आणि सही बाबांनी आधीच करून दिलेली.

माझी उशी आत राहिली आहे. बाबा उठायची वाट बघतोय.