पन्नास पुंगळ्यांची तपासणी

दामलेकाका आमच्याकडे चहाला आले की साखर स्वतः घालतात आणि मग टॉर्च लावून प्रत्येक कपात डोकावतात. पहिल्यांदा मला वाटलं, कपात झुरळ निघालं की काय! पण नाही. "एकात दोनदा पडली तर? नजर चुकते, उजेड चुकत नाही," हे त्यांचं पालुपद. साखर घालताना कुणी मध्ये बोललं, तर सगळे कप रिकामे करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

जपानात, इचिकावाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते खालच्या मजल्यावर एकटे राहतात. तोयोसुच्या ऑफिसात ते दामले-सान, आणि त्यांनी तपासलेलं काम कुणी पुन्हा तपासत नाही म्हणे. या गृहस्थाने जन्मात लवंगी फटाकासुद्धा लावलेला नाही. पण मॅग्नम नावाच्या दांडग्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरी भरायची तर कोणती पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, घ्यावी यावर ते तासभर बोलतात. तेही जपानात, जिथे रिव्हॉल्व्हर दिसलं तर पोलिसाच्या कमरेलाच. एकदा स्टेशनजवळ काका त्या कमरेकडे असे टक लावून बघत राहिले की मी त्यांना बाहीला धरून समोरच्या कोंबिनी दुकानात ओढत नेलं. तर तिथेही सुरूच. "मॅग्नमला संथ जळणारी पावडर. आणि फुगीर हवी. काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत चुकून दोनदा पडली तर बाहेर सांडते, दिसते. चिमूटभरात काम करणारी पावडर लबाड, दुप्पट झाली तरी पुंगळीच्या पोटात लपते." टेबलावर एका वेळी एकच पावडर, हा त्यांचा दुसरा नियम. तोच हुकूम माझ्या स्वयंपाकघरालाही सुटला: ओट्यावर एका वेळी एकच डबा. गोडा मसाला आत गेल्याशिवाय तिखट बाहेर काढायचं नाही. साध्या आमटीला तास लागतो हो!

हे सगळं खूळ दादापायी. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, अमेरिकेत ॲरिझोनात एकटे असतात. त्यांना नेमबाजीचा नाद, आणि अलीकडे विसरायला व्हायला लागलेलं. सकाळची औषधाची गोळी घेतली की नाही हे आठवत नाही, तिथे पुंगळीत पावडर घातली की नाही काय आठवणार? आणि दुप्पट पडली तर रिव्हॉल्व्हर हातातच फुटतं. म्हणून काकांनी पुस्तकं मागवून हे शास्त्र शिकून घेतलं, आणि दर रविवारी सकाळी ते व्हिडिओ कॉलवर दादांच्या पन्नास पुंगळ्या एकेक करून तपासतात.

परवाच्या रविवारी मी थालीपीठं द्यायला गेले, तेव्हा तपासणी चालू होती. मला बोटानेच गप्प बसवलं. "सतरा नंबर परत दाखव. उजेड नीट धर." दादा निमूटपणे दाखवत होते. पन्नास झाल्या, फोन बंद झाला.

काकांच्या पुस्तकातल्या चित्रात पावडर काळपट होती. दादांच्या पुंगळ्यांतली ही पांढरी. मी रोज स्वयंपाक करणारी बाई, मला कळत नाही का?

"काका, ती खसखस आहे."

काकांनी थालीपीठाचा तुकडा मोडला. रिव्हॉल्व्हर आणि पावडर दादांच्या मुलाने गेल्या वर्षीच काढून नेली आणि पावडरच्या डब्यात खसखस भरून ठेवली, म्हणाले. दादांना ते कधी आठवतं, कधी नाही.

"मग तपासता कशाला?"

"नाहीतर तो फोन कशाला करेल गं?"

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. दादाच होते.

"अरे, आज तपासायचं राहिलं ना?"

चमचाभर साखर दोनदा पडलेली न खपणारा हा माणूस; मला वाटलं, आता चिडणार. काकांनी ताटली बाजूला सारली, चष्मा पुसला.

"हो रे दादा, राहिलंच बघ. घे, एक नंबरपासून."