अकरा मिनिटांचा फॉर्म

"फॉर्म? चुटकीसरशी उघडून दाखवतो!" मुबारकने छाती ठोकून सांगितलं आणि तिथंच घोळ झाला!

साल २००४. भोरच्या एका दूध डेअरीत मुबारक कॉम्प्युटर सांभाळायचा. मशीन बिघडलं की आधी कॉम्प्युटरवर तक्रारीचा फॉर्म भरायचा आणि मगच मिस्त्रीने हात लावायचा, असा पुण्याच्या मुख्य ऑफिसचा नियम. पण फॉर्म टेलिफोनच्या लाईनवरून पुण्याहून यायचा, त्यामुळे तो उघडायलाच अकरा मिनिटं लागायची! तोवर उत्रोलीचे चिमाजी मिस्त्री मशीन दुरुस्त करून, हात धुऊन, चहा पिऊन मोकळे. मग तक्रार भरायची तरी कशाला?

आज साहेब पुण्याहून फॉर्म उघडायचा वेळ मोजायला आले होते. आपली शोभा नको, म्हणून मुबारकने सकाळीच एक फॉर्म उघडून स्क्रीनच्या तळाशी दडवून ठेवला होता. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. मुबारकने बटण दाबलं. फॉर्म हजर!

"दोन सेकंद! शाबास!" साहेबांनी फॉर्म बंद केला. "इतका झटपट उघडतो, तरी वर्षभरात भोरहून एकही तक्रार नाही. मग इथं मिस्त्री हवा कशाला? कमी करून टाकू!"

मुबारकच्या पायाखालची जमीन सरकली. घरचा हातपंप असो की अम्मीचं शिलाई मशीन, चिमाजीकाका एका हाकेसरशी यायचे. अशा देवमाणसाच्या पोटावर आपण पाय दिला!

"साहेब, खरं म्हणजे अकरा मिनिटं..."

"मी डोळ्यांनी दोन सेकंद बघितले! आणि मिस्त्री, जाईपर्यंत तरी नियम पाळा. फॉर्मशिवाय पान्याला हात लावायचा नाही!"

"व्हय, साहेब," दाराशी उभे असलेले चिमाजी खाली मान घालून म्हणाले.

साहेब लोण्याची थंड खोली तपासायला आत शिरले, मागे दार लागलं आणि ते लागलंच! आतली मूठ निखळून साहेबांच्या हातात आली, आणि बाहेरूनही दार हलेना.

"मिस्त्री! दार उघडा!" दाराच्या काचेआड अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले साहेब ओरडले.

"आदी फारम, साहेब! तुमीच म्हनला न्हवं?" चिमाजी पाना घेऊन अदबीने उभे.

मुबारक कॉम्प्युटरकडे धावला. बटणं बडवली, स्क्रीनला हात जोडले. निळी पट्टी जागची हलेना!

"उघडला का रे?"

"उघडतोय, साहेब!"

चौथ्या मिनिटाला साहेब जागच्या जागी उड्या मारू लागले. सातव्या मिनिटाला त्यांनी लोण्याच्या खोक्यांचे पुठ्ठे अंगाभोवती धरले. नवव्या मिनिटाला काचेला नाक लावून ते किंचाळले, "नियम गेला खड्ड्यात! उघडा हो, चिमाजीराव!"

चिमाजीरावांनी दोनदा पाना फिरवला. दार उघडलं. फॉर्म त्यानंतर दोन मिनिटांनी उघडला!

तिसरा कप चहा पोटात गेल्यावर साहेबांनी अहवाल लिहिला: 'फॉर्म उघडण्यास वेळ, अकरा मिनिटे. मिस्त्री अत्यावश्यक.' मुबारकने आधी अल्लाचे आभार मानले, मग टेलिफोनच्या लाईनचे!

दुसऱ्या दिवशी चिमाजी पाच किलो इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन मुबारकच्या दारात हजर. डोळे भरून आलेले.

"मुबारक, माज्यासाटी तू त्यो फारम मुद्दाम सावकाश उगडलास, व्हय ना? लई उपकार झालं रं पोरा!"

खरं सांगावं म्हणून मुबारकने तोंड उघडलं. तेवढ्यात तांदळाचा वास नाकात शिरला.

"त्यात काय एवढं, काका!" तो म्हणाला.