हानबाईंचा सत्कार

सई पहिलं खोटं बोलली ते एका पाण्याच्या ग्लासावरून.

दुपारचे तीन वाजले होते. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या सईच्या घरात टीव्हीवर कोरियन मालिकेचा चौथा भाग चालू होता. कोचावर सईच्या सासूबाई, पद्मजाबाई, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांवर काळा चष्मा लावून बसल्या होत्या. डॉक्टरांनी पंधरा दिवस वाचायचं नाही आणि टीव्ही-मोबाईल बघायचा नाही असं बजावलं होतं. मालिकेत खाली पळणाऱ्या इंग्रजी ओळी तर डोळे धड असतानाही त्यांना कधी गाठता आल्या नव्हत्या. म्हणून सई शेजारी बसून ओळ न् ओळ मराठीत सांगायची. दवाखान्यातल्या रिसेप्शनची नोकरी दुपारी दोनला सुटली की तिची ही दुसरी नोकरी सुरू व्हायची.

तीन दिवस छान गेले. गरीब नायिका, श्रीमंत नायक, दोघांचं लग्न. चौथ्या भागात नायकाची आई आली. या हानबाई एका मोठ्या कंपनीच्या मालकीण. गळ्यात मोती आणि चेहऱ्याला कडक इस्त्री. त्यांनी सुनेला हॉटेलात बोलावलं, समोर बसवलं आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून सरळ तिच्या तोंडावर रिकामा केला.

"काय झालं गं? पाण्याचा आवाज आला," पद्मजाबाईंनी विचारलं.

सईनं खरं उत्तर गिळलं, आणि त्याला कारण होतं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात तिनं मोठ्या हौसेनं तांबडा रस्सा केला होता. पद्मजाबाईंनी एक चमचा चाखला आणि पातेलं मोरीत उपडं केलं. "तुझ्या माहेरी, जयसिंगपुरात, ह्याला रस्सा म्हणत असतील," एवढंच त्या बोलल्या. तेव्हापासून घरातला रस्सा त्यांनीच करायचा असं ठरून गेलं. सईनं घासलेली भांडी पुन्हा घासली जायची. तिच्या हातची भाजी शेजारी द्यायची झाली तर वाटीबरोबर एक वाक्यही जायचं, "सुनेनं केलंय, सांभाळून घ्या." सईचा नवरा धवल या सगळ्यात गॅलरीत उभा राहून झाडांना पाणी घालायचा. झाडं दोनच होती, पण त्यांना पाणी फार लागायचं.

ऑपरेशन झालं आणि वारं फिरलं. सईनं वेळेवर डोळ्यांत थेंब घातले, केस विंचरले, हात धरून बाथरूमपर्यंत नेलं. एकदा थेंब घालताना पद्मजाबाई तिला चक्क "बाळ" म्हणाल्या. ही शांतता सईला दोन वर्षांनी मिळाली होती आणि तिला ती काचेच्या बांगडीसारखी जपायची होती. आता सुनेच्या तोंडावर पाणी फेकणारी सासू आपल्याच तोंडानं आपल्याच सासूला ऐकवायची, म्हणजे हातानं पायावर धोंडा पाडून घेणं झालं असतं.

"सुनेला चक्कर आली," सई म्हणाली. "म्हणून त्यांनी तोंडावर पाणी मारलं."

"बरं केलं," पद्मजाबाई म्हणाल्या. "हुशार बाई दिसती."

खोट्याचं एक वाईट असतं. ते एकटं राहत नाही, पाव्हणे बोलावतं. पाचव्या भागात हानबाईंनी सुनेपुढं नोटांचं जाडजूड पाकीट सरकवलं आणि माझ्या मुलाला सोडून जा म्हणाल्या. सईनं सांगितलं की दिवाळीची भेट दिली. सहाव्या भागात त्यांनी सुनेच्या थोबाडीत मारली. आवाज इतका खणखणीत होता की लपवणं शक्य नव्हतं, तेव्हा सईनं सुनेच्या गालावर डास बसवला. आठव्या भागात हानबाईंनी काळ्या कोटातल्या माणसाला बोलावून सुनेला गाडीखाली घालायचं फर्मान सोडलं. सईच्या मराठीत तो ड्रायव्हर होता आणि सुनेला स्टँडवरून आणायला निघाला होता. पुढच्याच दृश्यात गाडी सुनेला धडकली.

"अगं, धडक बसली वाटतं," पद्मजाबाई म्हणाल्या.

"ड्रायव्हर नवा आहे, आई."

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण ऑपरेशन म्हटल्यावर बघायला माणसं येणारच, आणि मंगळवार पेठेत बघायला आलेलं माणूस लगेच उठत नाही. समोरच्या घरातल्या बनाबाई मटणाचं सूप घेऊन आल्या आणि बसल्या. शेजारची नजीरा ब्लाऊजचं काम बाजूला ठेवून आली आणि तीही बसली. दोघींना इंग्रजी येत नव्हतं, पण डोळे उत्तम होते. ही मोठी अडचण होती.

"का गं सई," बनाबाईंनी विचारलं, "ही सासू एवढी चांगली हाय, तर मग सारखी डोळं वटारून वरडती कशाला?"

सईनं जीव मुठीत धरून सांगितलं की तिकडं माया अशीच करतात.

बनाबाईंनी मान डोलावली. "आपल्याकडं तरी काय येगळं हाय? आमचं मालक म्हाताऱ्या आईला 'जेवलीस का' म्हणून इचारायचं, तर गल्लीला वाटायचं भांडण लागलं."

कोल्हापुराबाहेर कुठंही ही थाप दोन मिनिटं टिकली नसती. इथं मात्र प्रेमाचा आवाज आणि भांडणाचा आवाज एकाच पट्टीत लागत असल्यामुळं कुणाला संशय आला नाही. उलट बनाबाई हानबाईंवर भाळल्या. एवढी सुनेची काळजी घेणारी बाई आपण जन्मात बघितली नाही असं त्या दळण न्यायला गेल्या तरी सांगू लागल्या. बाराव्या भागापर्यंत बायका सात झाल्या, चौदाव्याला अकरा. शेवटचा सोळावा भाग रविवारी होता. त्या दिवशी गल्लीतल्या सतरा जणींनी जमायचं, रस्सा-भाकरीचं जेवण करायचं आणि हानबाईंचा सत्कार करायचा असं बनाबाईंनी जाहीर केलं. शाल आणि नारळ त्यांनीच आणला. हानबाई येणार नाहीत, असं कुणीतरी भीत भीत सुचवलं. कोल्हापुरात सत्कार अडत नसतो, असं उत्तर मिळालं.

आणि सत्कार म्हटल्यावर फ्लेक्स हवाच. नजीराच्या नवऱ्याचं, गौसभाईंचं, फ्लेक्सचंच दुकान होतं. त्यांनी मालिकेतला हानबाईंचा फोटो काढला, मागं रंकाळा लावला, डोक्याला कोल्हापुरी फेटा बांधला आणि वर मोठ्या अक्षरांत 'आदर्श सासू' लिहिलं. शनिवारी तो फ्लेक्स हॉलच्या भिंतीवर चढला. फेट्यात हानबाई आणखीच कडक दिसत होत्या.

सईनं शनिवारीच दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत शेवटचा भाग मोबाईलवर बघून ठेवला होता. बघताना तिचा डबा तसाच राहिला. सोळाव्या भागात हानबाईंना अटक होत होती. बेड्या, पोलीस, कोर्ट, तुरुंग, सगळं होतं. बेड्यांना ती बांगड्या म्हणू शकली असती, पण तुरुंगाला काय म्हणणार होती? सतरा बायकांसमोर आपण खोटारडी ठरणार, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण खोटं का बोललो हे एका माणसाला बरोबर कळणार. मग ते 'बाळ' पुन्हा ऐकायला मिळणार नव्हतं.

तिनं धवलला फ्यूज काढायला सांगितलं. त्यानं विचार करतो म्हणून सांगितलं आणि झारी घेऊन गॅलरीत गेला. तिनं बनाबाईंना शेवटचा भाग रटाळ आहे, आधी जेवून घेऊ, असं सुचवून पाहिलं. "अक्षता पडायच्या आधी पंगत बसती व्हय?" असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

रविवारी सकाळी आणखी एक संकट आलं. डोळ्यांत वाफ जायला नको म्हणून पद्मजाबाई चुलीपाशी जाणार नव्हत्या, तेव्हा सतरा जणींचा रस्सा सईनं करावा असं त्यांनी सांगितलं. सईनं खोबरं भाजलं, तीळ भाजले, चटणी घातली. पद्मजाबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. काळा चष्मा आदल्या दिवशीच उतरला होता आणि त्या आता सगळं स्वच्छ बघत होत्या.

तीन वाजता हॉल भरला. भाग सुरू झाला. वीस मिनिटांनी दार उघडलं आणि पोलीस आत आले. हानबाईंनी हात पुढं केले. बेड्या पडल्या.

सगळ्या बायका सईकडं बघू लागल्या. सईनं तोंड उघडलं.

"टीव्ही थांबव," पद्मजाबाई म्हणाल्या. "आता मी सांगते."

त्या उठून टीव्हीपाशी उभ्या राहिल्या. तीस वर्षं बालवाडीत शिकवल्यामुळं उभं राहून गोष्ट सांगायची त्यांना सवयच होती.

"ही बाई वाईट हाय," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासनं. सुनेला चक्कर आली न्हवती, हिनं पाणी फेकलं. गालावर डास न्हवता. आणि ड्रायव्हर नवा न्हवता, चांगला जुना होता."

हॉलमध्ये एकच गलका उठला. बनाबाई आधी सईकडं, मग फ्लेक्सकडं, मग मांडीवरच्या शालीकडं बघत राहिल्या. हे पद्माक्कांना कुठनं कळलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा नजीरानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"माझ्या मोबाईलवर," ती म्हणाली. "हिंदीत आहे की ही मालिका. सई कामाला गेली की पद्माक्का रोज सकाळी ऐकायच्या. तिसऱ्या दिवसापासनं."

सईला हिंदी आवाजातली कोरियन मालिका म्हणजे साखर घातलेला तांबडा रस्सा वाटायची, त्यामुळं ती कुणी ऐकत असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. मोबाईलला तर डॉक्टरांनी बंदी केली होती, एवढंच ती कसंबसं म्हणाली.

"बघू नका म्हणाले," पद्मजाबाई म्हणाल्या. "ऐकू नका कुठं म्हणाले?"

मग त्यांचा आवाज उतरला. "सकाळी हिंदीत ऐकायची, ती बाई कशी हाय ते. आणि दुपारी हिच्या तोंडनं ऐकायची, तीच बाई कशी असाया पाहिजे ते. ग्लासाच्या दिवशी मला मोरीतलं पातेलं आठवलं. मला वाटलेलं, आज ही चान्स सोडायची न्हाय. हिनं सोडला. रोज सोडला. लाव गं टीव्ही."

सईनं टीव्ही लावला. तिला पडदा धड दिसत नव्हता, पण ते डोळ्यांत आलेल्या पाण्यामुळं. तुरुंगातली भेटीची खोली होती. काचेपलीकडं हानबाई, अंगावर मळकट कपडे, मोती गेलेले. अलीकडं सून. मग हानबाई उठल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि दोन शब्द बोलल्या.

"काय म्हणती?" बनाबाईंनी विचारलं.

पद्मजाबाई पडद्याकडं न बघता सांगू लागल्या. "ती म्हणती, मी तुला कधी नीट बघितलंच न्हाय. चुका तेवढ्या बघितल्या. धुतलेली भांडी परत धुतली, ती घाण होती म्हणून न्हवं, माझी सत्ता राहावी म्हणून. आणि त्या दिवशी तुझा रस्सा मी चाखायच्या आधीच ओतायचा ठरवला होता. चांगला झालता तो. मीठसुद्धा बरोबर होतं."

खाली इंग्रजीत फक्त 'मला माफ कर' एवढीच ओळ होती. सईनं ती वाचली. तिनं चूक दुरुस्त केली नाही.

"कोरियात तांबडा रस्सा करत्यात?" बनाबाईंनी शंका काढली.

"करत्यात की," पद्मजाबाई म्हणाल्या.

शेवटच्या दृश्यात काही वर्षं लोटली होती. हानबाई तुरुंगाच्या दारातून बाहेर आल्या, तर समोर सून उभी. तिनं हातातल्या डब्यातून पांढरा तुकडा काढून सासूला दिला. ते सोयाबीनचं पनीर आहे, तुरुंगातून सुटलेल्या माणसाला तिकडं देतात, पुढचं आयुष्य तसंच पांढरंस्वच्छ जावं म्हणून, असं सईनं सांगितलं. सोळा भागांतली तिची ती एक ओळ शंभर टक्के खरी होती. हानबाई रडत रडत पनीर खाऊ लागल्या आणि मालिका संपली. निम्म्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. बनाबाई मात्र व्यवहारात होत्या.

"ते सगळं खरं," त्या म्हणाल्या, "पण ह्या शालीचं काय करायचं? आणि फ्लेक्स?"

नजीरानं पिशवीतून एक चिकटपट्टी काढली. गौसभाईंनी ती फ्लेक्सबरोबरच छापून दिली होती. खुर्चीवर चढून तिनं ती 'आदर्श'वर चिकटवली. आता फेट्यातल्या हानबाईंच्या वर 'सुधारलेली सासू' असं दिसत होतं. शाल पद्मजाबाईंनी बनाबाईंच्या मांडीवरून उचलली आणि सईच्या खांद्यावर टाकली. नारळ हातात दिला. सुधारणाऱ्यापेक्षा सुधारवणाऱ्याला जास्त कष्ट पडतात, असं काहीतरी त्या बोलल्या. टाळ्यांत ते नीट ऐकू आलं नाही. सईनं वाकून नमस्कार केला तेव्हा तिच्या डोक्यावर ठेवलेला हात बराच वेळ तिथंच राहिला.

पंगत बसली. धवल झारी ठेवून भाकऱ्या वाढायला आला, इतकं घर बदललं होतं. पद्मजाबाईंनी रश्श्याचं पातेलं स्वतः उचललं. सई हातातलं काम सोडून बघत राहिली, कारण त्या वाटेत मोरी होती. पण पातेलं मोरीवरून पुढं आलं.

"रस्सा सुनेनं केलाय," पद्मजाबाई नेहमीसारख्याच मोठ्या आवाजात म्हणाल्या. पुढचं वाक्य सगळ्या गल्लीला पाठ होतं, म्हणून कुणी वर बघितलं नाही.

"मागून घ्या," त्या म्हणाल्या, आणि पहिली वाटी स्वतःची भरली.