बिरडं आणि नाजूक कपड्यांचं बटण

पुंडलिकशेठनी मूठभर वाल उशीच्या अभ्र्यात बांधले आणि बायकोच्या वॉशिंग मशीनमध्ये टाकले, तेव्हा त्यांच्या मनात कुणाचं वाईट करायचं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर आमच्या पेणच्या बाजारात लोक वाट्टेल ते बोलले.

माणूस तसा हुशार. नववीत त्यांनी शाळा सोडली की शाळेने त्यांना, यावर दोन्ही पक्षांचं म्हणणं वेगळं आहे. पण मिठागरावरच्या घरातून उठून पेणला आले आणि पोहे, पापड, कडवे वाल यांचं दुकान त्यांनी स्वतःच्या डोक्यावर उभं केलं. (ते डोकं आता बरंचसं उघडं पडलंय, ती गोष्ट निराळी.) अलीकडे मोबाइलवर उद्योजकांची भाषणं ऐकून त्यांना 'इनोव्हेशन' हा शब्द लागला होता. एखाद्याला तंबाखू लागावी, तसा. दुकानातला तराजू डावीकडचा उजवीकडे ठेवला तरी ते इनोव्हेशन!

खरा उद्योग मात्र त्यांच्या बायकोचा, इंदुबाईंचा. रामवाडीतल्या घराच्या पडवीत गल्लीतल्या बायका जमायच्या, मोड आलेले वाल गरम पाण्यात टाकून एकेक सोलायच्या, आणि ते सोललेलं बिरडं डब्यांत बंद होऊन मुंबईला जायचं. मुंबईच्या लोकांना बिरडं खायला हवं, सोलायला नको. त्यांच्या या आळसावर रामवाडीतली कितीतरी पोरं कॉलेजात जात होती.

पण अलीकडे उन्हात, हायवेच्या खड्ड्यांत आणि ट्रॅफिकमध्ये बिरडं आंबायला लागलं होतं. डबे परत यायचे. बायका दबक्या आवाजात गट सोडायच्या गोष्टी करत होत्या. अशात रोह्याला एका संस्थेने महिला गटांचा मेळावा ठेवला. ज्या गटाचं काम आणि चव पसंत पडेल त्याला थंड पेटीची गाडी! ती मिळाली तर गट तगणार, नाही तर पडवी रिकामी होणार, हे इंदुबाईंना स्वच्छ दिसत होतं.

मेळावा श्रावणातल्या सोमवारी. आदल्या दिवशी नागोठण्याला बहिणीच्या नातीचं बारसं होतं. निघताना इंदुबाई म्हणाल्या, "वालांना मोड आलेत. दुपारी बायका सोलायला येतील. त्यांना गरम पाणी तेवढं द्या. दुसरं कायेक करू नका."

आता 'दुसरं काही करू नका' हे वाक्य ऐकूनच तर आजवर सगळे मोठे शोध लागले असणार. (असं शेठ म्हणतात. मी नाही.)

मुठीचा प्रयोग झकास झाला. अभ्रा उघडला तर साली एकीकडे, सोललेल्या डाळिंब्या एकीकडे. शेठना अंगणात उडी मारावीशी वाटली. रोह्याच्या स्टेजवर उभं राहून आपण 'यांत्रिक बिरडं' या विषयावर बोलतोय आणि टाळ्या थांबतच नाहीत, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे तरळलं. तेवढ्यात दारात गटातल्या सगळ्यांत थोरल्या गिरजाबाई दिसल्या, मागे सगळ्या बायका.

"गिरजाबाय, आज सुट्टी! घरी जा, आराम करा."

"सुट्टी? नि वाल कोन सोलंल? तुझा आजा?"

"टेक्नॉलॉजी!" शेठ म्हणाले.

"ती कोनची सून गो?" गिरजाबाईंनी मागे वळून विचारलं. बायका खिदळत घरी गेल्या.

शेठनी मोड आलेल्या वालांची अख्खी घमेली मशीनमध्ये ओतली. यावेळी अभ्रा नाही. (एवढे अभ्रे आणायचे कुठून?) मग प्रश्न आला बटणाचा. सुती, लोकरी, नाजूक. वालाची जात कुठली? मशीन मुलाने, निलेशने, पहिल्या बोनसमधून आईला घेऊन दिलेलं. तो कंपनीत शिफ्टवर होता. शेठनी फोन लावला.

"निलेश, नाजूक कपड्यांचं बटण कुठलं रे?"

"बाबा, तुमी कपडे धुताय?" निलेशचा आवाज एकदम भरून आला. "आईला बरं नाय काय?"

"आईला काय धाड भरलीय! बटण सांग."

"डावीकडनं तिसरं. पण कपडे कुठले हायत?"

"सालीचे," म्हणून शेठनी फोन ठेवला.

मशीन समोरून उघडणारं, गोल काचेचं. शेठनी त्यापुढे खुर्ची टाकली, हातात चहा घेतला आणि टीव्ही बघावा तसे बसले. सुरुवात छान होती. साली सुटून पाण्यावर नाचू लागल्या. शेठनी मोबाइलवर शूटिंग सुरू केलं, "मित्रांनो, आपण बघताय..." मित्रांनी बघितलं असतं ते असं, की पाणी आधी दुधाळ झालं, मग कढीसारखं, मग पिठल्यासारखं. शेठनी दार ओढलं. दार उघडेना. त्यांनी एकेक करत सगळी बटणं दाबली. मशीनने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला आणि कपडे पिळायला घेतले.

पुढचं शेठ फारसं सांगत नाहीत. एवढं खरं, की मशीन थरथरत न्हाणीघरातून चालत बाहेर आलं, मोरी तुंबली, आणि मशीन गप्प झाल्यावर दार आपणहून उघडून आतला पिवळट लगदा शांतपणे फरशीवर उतरला. नेमक्या त्याच वेळी इंदुबाई बारशाच्या घुगऱ्या घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या.

आवाज ऐकून गिरजाबाईही धावत आल्या होत्या. त्यांनी बोटाने लगदा उचलला, हुंगला. "पुंडलिका, पुरण बरं जमलंय हो. वास तेवढा साबणाचा हाय."

इंदुबाईंनी घुगऱ्या खाली ठेवल्या. ओला टॉवेल खाटेवर टाकला तरी अख्खी रामवाडी ऐकेल असं बोलणारी बाई! ती नुसती पायरीवर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "गिरजाबाय, गाडी गेली गो. वाल भिजवून मोड काढायला आता कुठला आलाय वेळ?"

 शेठनी खराटा उचलला आणि लगदा गोळा करायला घेतला.

"गेली कशी?" गिरजाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "उद्या सोमवार नाय? उपास सोडायला बिरडं कोनच्या घरी नाय? सगळ्यांच्या घरी मोड काढून ठेवलेत!" आणि तशाच गल्लीत उतरून त्यांनी जी हाळी दिली, ती हायवेच्या पलीकडे गेली असेल.

बायका आल्या. कुणाच्या हातात पातेलं, कुणाच्या हातात फडक्यातली मोट. (त्या सोमवारी रामवाडीतल्या समस्त पुरुषांनी उपास मुगाच्या आमटीवर सोडला. त्यातले काही अजून शेठशी बोलत नाहीत.) पडवी गच्च भरली. शेठही सोलायला बसले, पण त्यांच्या चिमटीतून पहिलाच वाल सुटला तो थेट गिरजाबाईंच्या चहात पडला. मग त्यांना फक्त पाणी तापवायचं काम मिळालं. ते त्यांनी मन लावून केलं. दिवेलागणीला शेवटची डाळिंबी टोपलीत पडली.

रोह्याच्या हॉलमध्ये संस्थेच्या ऋजुतामॅडमनी विचारलं, "तुमच्या कामात नवीन काय आहे?"

शेठ सवयीने उठले. भाषण पाठ होतं, पण ते सगळं मशीनवर होतं. ते खाली बसले. मग इंदुबाई उठल्या.

"मॅडम, आजवर आमी सगळे वाल एका घरात भिजवत होतो. एक ढीग बिघडला की सगळाच बिघडतो, हे काल कळलं. सोलता सोलताच आमी घराघरांत वार वाटून घेतले. रोज कुठल्या तरी चार घरी ताजं बिरडं तयार. पडून राहायला नको, आंबायला नको. गाडी तेवढी हवी."

इंदुबाईंनी पहाटे शिजवून आणलेलं बिरडं मॅडमनी वाटीतून चाखलं. मग दुसऱ्या पाहुण्यांनी चाखलं. मग वाटी कुणाकडे गेली ते कळलंच नाही. गाडी रामवाडीच्या गटाला जाहीर झाली, तेव्हा शेठ शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून पुन्हा पुन्हा सांगत होते, "ती माझी मिसेस हाय. ती, निळ्या लुगड्यातली." डोळे पुसायला रुमाल सापडेना, तर त्यांनी त्या माणसाचाच घेतला.

जाता जाता मॅडम म्हणाल्या, "ही पद्धत फारच छान आहे. दुसऱ्या गावांत नेता येईल का?"

"नेता येईल की," गिरजाबाई म्हणाल्या. "पण आधी सगळं बिघडवून दाखवायला आमच्या शेठसारखा मानूस लागतो. तो गावोगाव कुठनं आनायचा?"

हॉलमध्ये हशा उसळला. पुंडलिकशेठ छाती पुढे काढून उभे राहिले, सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाले,

"मी येईन ना! कुठल्या गावापासून सुरुवात करू?"