रामण्णांची पंगत

आमचे शेजारी रामण्णा स्वतःशी कॅरम खेळत आणि हरत. त्यांच्या एका फोटोत हरलेले रामण्णा जिंकलेल्या रामण्णांकडे इतक्या खुनशी नजरेने बघत होते, की तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी दबक्या आवाजात विचारलं, "तुम्हाला जुळा भाऊ आहे?"

"एक मीच आईला जड झालो होतो की हो," ते म्हणाले. "दुसरा कुठला आणू?"

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मल्लेश्वरममध्ये एकाच आवारात पुढच्या घरात आम्ही आणि मागच्या दोन खोल्यांत रामण्णा भाड्याने राहायचो. ते मूळचे धारवाडकडचे. मराठी बोलताना कानडी वाटत आणि कानडी बोलताना, कानडी लोकांच्या मते, मराठी. लग्न केलं नव्हतं. सरकारी कारखान्यात मी इंजिनियर, ते ड्राफ्ट्समन. कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचे आणि सुटीच्या दिवशी फोटो. फोटो फक्त स्वतःचे. माझ्या बायकोने एकदा भीत भीत आमच्या बाळाचा फोटो काढाल का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "अक्का, ते हलणार. मी हलत नाही."

मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी लाकडी पेटीचा, काचेच्या प्लेटा घालायचा कॅमेरा घेतला होता. सुरुवातीला शटरला सुतळी बांधून ती पायाच्या अंगठ्याने ओढायचे. त्या काळातल्या फोटोंत त्यांना डोकं नाही. पण ते फोटोही अभिमानाने दाखवत. "पहिल्या वर्षी धड साधलं, दुसऱ्या वर्षी डोकं. चेहऱ्यावर भाव यायला मात्र वेळ लागतो, लेले."

मग त्यांना काळोखाची युक्ती सापडली. खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, मागे काळं कापड ताणायचं आणि शटर उघडंच ठेवायचं. स्वतः एका जागी बसायचं, तेवढ्यावरच क्षणभर उजेड पाडायचा, की पुन्हा काळोख. मग उठून दुसऱ्या जागी. काच एकच, रामण्णा हवे तितके. उजेड पाडायचं काम माझ्याकडे होतं. पत्र्याची टोपी घातलेला दिवा घेऊन मी चौकटीबाहेर उभा राहायचो आणि अंधारातून आवाज यायचा, "स्वल्प थांबा, मी अजून यायचोय!"

रामण्णा रामण्णांची दाढी करताहेत. वरपिता रामण्णा वधूपिता रामण्णांवर रुसलेत. त्या फोटोतल्या नवरीसाठी त्यांनी शालू मागितला, तेव्हा बायको द्यायला तयार होती, मीच नाही म्हणालो. काय बिघडलं असतं? नवरी बिचारी चादरीत उभी राहिली. मी मात्र तो फोटो बघून पोट धरून हसलो, आणि त्याचंही मला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं.

शहरातल्या हौशी छायाचित्रकारांचं दर वर्षी प्रदर्शन भरे. तिथून रामण्णांचे फोटो दर वर्षी परत येत. शेवटच्या खेपेला परीक्षक त्यांना तोंडावर म्हणाले, "कसब आहे हो, पण यात माणसं कुठं आहेत?"

ते रामण्णांच्या फार जिव्हारी लागलं. "माणसं पाहिजेत? सरी, ठीक आहे. पंगतच मांडतो," ते म्हणाले. "या वेळी परत आलं तर पेटी विकून सायकल घेतो. बघाच."

फोटो पोचवायचा शेवटचा दिवस सोमवार होता आणि त्यांच्याजवळ काच एकच उरली होती. रविवारी दुपारी आम्ही दारं लावून घेतली. केळीची सात पानं मांडली. भात खरा होता, वरण म्हणजे हळदीचं पाणी. जिलबी एकच होती, ती पानापानांवरून फिरायची. सोवळ्यातले रामण्णा झाले, ताक मागणारे झाले, मीठ कमी आहे म्हणून तोंड वाकडं करणारे झाले. फोटोत आवाज येत नाही, तरी प्रत्येकजण आपापलं बोलायचा. सहा पानं बिनबोभाट पार पडली. सातव्या पानाशी, माझ्या पुढ्यातच, यजमान रामण्णा आग्रह करणार होते आणि मग स्वतःच तिथे बसून नको म्हणणार होते.

यजमान वाकले. मी दिवा धरला.

"घ्या हो, एवढी एकच," रामण्णा जिलबी पुढे करून म्हणाले. आवाज इतका कळवळून आला, की मी चौकट विसरलो, काच विसरलो. आमच्याकडे वाढपी पानाशी वाकला की हात आपोआप आडवा होतो. मी पुढे झुकून पानावर हात आडवा धरला आणि म्हणालो, "नको, नको! अगदी पुरे!"

काळोख झाला.

"लेले," अंधारातून आवाज आला, "दिवा खाली ठेवा."

"रामण्णा, माझं चुकलं. आता काय करायचं?"

"आता जिलबी खा."

सात पानं फिरून आलेली ती जिलबी मी अंधारात खाल्ली. नको म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

फोटो प्रदर्शनाला गेला नाही. तो त्यांच्या खोलीत दारासमोरच्या भिंतीवर लागला: ओळीने रामण्णा आणि टोकाला माझा आडवा हात, अर्धा चेहरा, बावळट हसू. रोज माझी चूक माझ्या डोळ्यांसमोर यावी म्हणूनच लावलाय, असं मी धरून चाललो. मागच्या नळावर जाताना त्यांच्या दारावरून मान खाली घालून जायचो. पेटी विकली का, हे विचारायचा धीर होत नव्हता.

एका सकाळी असाच खालमानेने जात होतो. आत दूध घालायला आलेला गवळी फोटोकडे बघत कानडीत विचारत होता, "हे सगळे तुमचे भाऊ काय, स्वामी?"

आता दिव्याची, घोंगड्यांची सगळी कथा निघणार म्हणून मी पाऊल उचललं. पण रामण्णांचं बोट त्या साऱ्या रामण्णांवरून न थांबता सरकत शेवटच्या पानाशी आलं.

"हे पुढच्या घरातले लेले. आमच्याकडे जेवायला आले होते." मग गवळ्याच्या जरा जवळ सरकून ते म्हणाले, "पुरे पुरे म्हणत होते. पण आम्ही थोडंच सोडतोय?"