बादलीतली भरती

नदीत रोज दुपारी चहाच्या वेळेला समुद्र शिरत होता. भरती नसताना.

जलविभागातल्या एका गृहस्थांचं काम म्हणजे संगणकात नदी वाहती ठेवणं. धरणातून किती पाणी सोडलं की खाडीचं खारं पाणी किती मागे हटेल, हे त्यांचं मॉडेल आठवडाभर आधी सांगायचं. ऑफिसात सगळे त्यांना मॉडेलवाले म्हणत. आता त्यांच्याच पडद्यावर, नदीच्या मुखाजवळ, खारेपणाची रेघ रोज सरळ वर चढायची, जरा थांबायची आणि उतरायची. शिवाय ते पाणी कोमट होतं.

"अंगासारखं कोमट," साहेब हळूच म्हणाले.

शेवटी साहेबांनी ठरवलं, उद्या धरणाचे दरवाजे उघडायचे. म्हणजे उन्हाळ्याचं सगळं पाणी समुद्रात. मॉडेलवाल्यांचं डोकं भणभणलं आणि ते लवकर घरी आले.

घरी सासूबाई कोमट मिठाच्या पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. त्यांच्या गुडघ्यांचा हा रोजचा उपाय. बादलीच्या कडेला खारेपणा मोजायचं सरकारी यंत्र लटकत होतं आणि त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. शेवाळ काढायला म्हणून मॉडेलवाल्यांनीच ते नदीतून घरी आणून बादलीत भिजत घातलं होतं. ते आपलं आपण ऑफिसला आकडे पाठवत राहतं, एवढंच ते विसरले होते. शहाण्या माणसांचं असंच असतं.

"आई, हे बाजूला नाही का ठेवायचं?"

"तुमची वस्तू, मी कशाला हात लावू? माझ्या पायांना काही त्रास नव्हता त्याचा."

धरण वाचलं. यंत्र बिघडलं होतं, असं साहेबांना सांगून मॉडेलवाल्यांनी ते नदीत परत बसवलं. पण तेवढे आकडे फेकून देववेनात. त्यांनी मॉडेलची एक प्रत काढली, तिला 'बादली' नाव दिलं आणि गंमत म्हणून हवामान भरून चालवली.

मॉडेल म्हणालं, मंगळवारी मीठ लवकर आणि जास्त. मंगळवारी बायकोने सांगितलं की आईचे गुडघे आज फार ठणकले, चहापर्यंतही दम निघाला नाही, बादलीत मीठही जास्त घातलं. बुधवारी कमी म्हणालं, तर बुधवारी कमी. मॉडेलवाले पोट धरून हसले. गुरुवारी त्यांचं हसू मावळलं, कारण शनिवारी, म्हणजे भरलेलं हवामान संपत होतं त्या दिवशी, रेघ सपाट होती. त्यांनी हवेत दमटपणा वाढवला, पाऊस पाडून पाहिला. रेघ जागची हलेना.

मीठ नाही म्हणजे पाय नाहीत. पाय नाहीत म्हणजे? मॉडेलवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाईंशी त्यांचं तसं फारसं गूळपीठ नव्हतं. पण घरात आपली वाट बघत न जेवता बसणारं एवढं एकच माणूस आहे, हे त्यांना तिथे खुर्चीत बसल्या बसल्या उमगलं आणि चक्क रडू आलं.

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली. उगीचच सासूबाईंची नाडी पाहिली. त्या जिना उतरताना मागून हात धरून चालले. दुपारी त्या आडव्या झाल्यावर पांघरूण वरखाली होतंय का, ते दारात उभं राहून बघू लागले. सासूबाईंनी एक डोळा उघडला.

"काय बघताय?"

"काही नाही. झोपा."

"असं तोंड करून कुणी झोपा म्हटलं, तर झोप लागेल का?"

शनिवारी सकाळी सासूबाई पिशवी भरूनच बाहेर आल्या. "मी बहिणीकडे जाते. तुम्ही असं टक लावून बघता, मला माझंच काही खरं वाटेना."

मॉडेलवाल्यांचा जीव असा भांड्यात पडला, की पिशवी उचलून ते स्टँडपर्यंत हसतच गेले. आपल्या जाण्याचा जावयाला एवढा आनंद झालेला पाहून सासूबाई फुगल्या आणि खिडकीतून हातसुद्धा न करता गेल्या.

दुपारी न्हाणीघरात बादली पालथी होती. रेघ शून्यावर, अगदी बरोबर. घर मात्र खायला उठलं. मॉडेलवाल्यांनी मॉडेल आणखी पुढे चालवलं. सोमवारी रेघ पुन्हा चढत होती, आणि नेहमीच्या दुप्पट. मग त्यांनी चपला घातल्या.

सासूबाईंचा फोन आला तेव्हा ते दुकानात होते.

"सोमवारी परत येते. बहीणही येतेय, तिचेही गुडघे धरलेत. आपली बादली काही पुरायची नाही."

"माहीत आहे," काखेतला मोठा टब सावरत मॉडेलवाले म्हणाले. "टबच घेतोय."



"जावईबापू," सासूबाईंनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "अजून काय काय माहीत आहे तुम्हाला?"