दोन जुने कॅमेरे आणि एक भिंत

एका जंगलात, जिथला रस्ता अजून रुंद व्हायचा होता, दत्ताराम नावाचा एक धनेश पक्षी राहत असे. चोच मोठी, पंख मोठे, हौस त्याहून मोठी. कमाई मात्र बेताची.

मुलांनो, त्या जंगलात पैसे नव्हते. सगळे व्यवहार उंबरांवर चालत. ज्याच्याकडे उंबरं जास्त, त्याला शहाणा समजत. तुमच्याकडे कोणाला शहाणा समजतात ते घरी विचारा, पण पाहुणे आलेले असताना विचारू नका.

दत्तारामाच्या बायकोचं नाव कुमुदिनी. धनेशांमध्ये एक रीत आहे. अंडं घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेते. एक बारीक फट तेवढी ठेवते. नवरा रोज उंबरं आणतो आणि त्या फटीतून एकेक करून भरवतो. आधी एकीला, मग दोघांना. पिल्लू उडण्याजोगं झालं की भिंत फोडून मायलेकरं बाहेर येतात.

गेल्या वर्षी भिंत फुटली तेव्हा दत्ताराम नेमका उंबरं आणायला गेला होता. परत येतो तर ढोली रिकामी आणि पिल्लू समोरच्या फांदीवर. कुमुदिनी म्हणाली, "आलात? झालं सगळं."

एवढंच म्हणाली. पण हे एवढंच ती वर्षभर म्हणत होती.

म्हणून यंदा ती ढोलीत शिरली तेव्हा दत्तारामाने शब्द दिला. "या वेळी मी समोर असणार. नुसता असणार नाही, फोटो काढणार. पिल्लाने पहिल्यांदा डोकं बाहेर काढलं की खटॅक!"

"कॅमेरा कुठाय?" आतून आवाज आला.

"घेऊ की. तीन महिने आहेत."

तीन महिने आहेत, असं म्हणणाऱ्या माणसाकडे नीट बघून ठेवा, मुलांनो. तो पुढे तुम्हाला सगळीकडे भेटणार आहे.

जंगलाच्या कडेला भिकू अस्वलाचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. नवा कॅमेरा दत्तारामाला परवडण्यासारखा नव्हता. पण भिकूकडे दोन जुने कॅमेरे आले होते, दोन्ही व्यावसायिकांनी वापरलेले. नवे होते तेव्हा त्यांची किंमत ऐकूनच हरणं पळून जात. आता दोन्ही सारख्याच किमतीला होते, आणि ती किंमत दत्तारामाला जेमतेम झेपत होती.

पहिला कॅमेरा एका गिधाडाचा. ते बातम्यांसाठी फोटो काढत असे. जिथे काही घडलं तिथे ते सगळ्यांच्या आधी हजर. कॅमेरा दगडासारखा जड, पाण्यापावसाला दाद न देणारा, एका दमात दहा फोटो काढणारा. मेगापिक्सेल मात्र थोडे.

दुसरा एका बगळ्याचा. त्याने दहा वर्षं लग्नांचे फोटो काढले होते. या कॅमेऱ्याला मेगापिक्सेल भरपूर. रंग असे, की डोमकावळीण नवरी सुद्धा त्यात गव्हाळ दिसे. फक्त तो फार सावकाश चाले. एक फोटो काढला की विचारात पडे.

"कोणता घेऊ?" दत्तारामाने विचारलं.

"दोन्ही बी चांगलं हाईत, राव," भिकू म्हणाला. "कायचं फोटू काढायचं?"

"पिल्लाचे."

"पिल्लू हलतंय. गिधाडाचा न्या. आजच न्या."

किती सरळ सल्ला! म्हणूनच दत्तारामाला तो पटला नाही. दुकानदाराचं कधी ऐकू नये, तो विकायला बसलेला असतो. जाणकाराला विचारावं, त्याला काहीच विकायचं नसतं आणि वेळही भरपूर असतो.

जंगलातले जाणकार म्हणजे सरडेसर. त्यांचा एक डोळा उजवीकडे बघे तेव्हा दुसरा डावीकडे बघू शके, त्यामुळे तुलना हा त्यांचा हातखंडा होता. त्यांनी स्वतः काढलेला फोटो कोणी पाहिला नव्हता. पण कोणाचाही फोटो पाहून त्यात काय चुकलं, हे ते फोटो पूर्ण उघडायच्या आत सांगत.

"गिधाडाचा घेऊ म्हणतोय," दत्ताराम म्हणाला.

"शटर किती वेळा पडलंय, विचारलंत?"

"तीन लाख."

सरडेसर पिवळे पडले. "म्हणजे मरणाच्या दारात आहे तो!"

"मग बगळ्याचा?"

सरडेसर हिरवे झाले. "त्याची बॅटरी आता मिळते का? कार्ड मिळतं का? कोपऱ्यात कडा कशा येतात? घाई करू नका. दोन्ही घरी न्या आणि एकाच गोष्टीचे फोटो काढा. जी हलत नाही अशी गोष्ट हवी. उत्तम म्हणजे भिंत."

भिंत! दत्तारामाच्या घरी भिंत होतीच.

भिकू दोन्ही कॅमेरे घरी न्यायला देत असे, पण रोजची दहा उंबरं घेऊन. दत्तारामाने ती दिली. कुठून दिली ते तुम्ही ओळखलं असेल. कुमुदिनीनेही ओळखलं.

"अहो, आज उंबरं कमी आहेत."

"यंदा झाडंच कमी लागलीत गं."

"आणि हे खटॅक खटॅक काय चाललंय?"

"भिंतीचे फोटो काढतोय. तू आतून हलवू नकोस."

धनेशाने कॅमेरा कसा धरला असेल, असं विचारू नका. पाच पाच बोटं असणाऱ्यांनाही तो नीट धरता येत नाही.

तर दत्तारामाने भिंतीचे फोटो काढले. सकाळच्या उन्हात काढले, दुपारच्या सावलीत काढले. दहा पावलांवरून, वीस पावलांवरून. आधी गिधाडाच्या कॅमेऱ्याने, मग बगळ्याच्या. संध्याकाळी सरडेसर यायचे. दोघे फांदीवर बसून ते फोटो मोठे करून बघायचे. चिखलाचा प्रत्येक कण मोजायचे. उंबरं आणायला वेळ उरायचा, पण थोडा.

आत अंडं फुटलं. पिल्लू झालं. ते वाढू लागलं आणि फटीतून बाहेर बघू लागलं. बाहेर रोज एक काळं चौकोनी तोंड दिसायचं. त्याला एकच डोळा, गोल, काचेचा.

"आई, ते कोण?"

"ते बाबा."

"बाबांना चोच नसते?"

"असते. सध्या वापरात नाही," कुमुदिनी म्हणाली.

महिने गेले. तीन होते, ते संपत आले. एका संध्याकाळी सरडेसर एकदम लाल झाले.

"हे बघा! गिधाडाच्या कॅमेऱ्यातला हा सातशे बारावा फोटो. फटीच्या मधोमध डाग आहे."

दत्तारामाने पाहिलं. खरंच, काळ्या फटीत एक बारीक चमकता ठिपका होता.

"बगळ्याच्या फोटोत आहे?" सरडेसरांनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे सेन्सरवर धूळ. माझं मन मला सांगतच होतं. बातमीदाराचा माल, धूळ असणारच. आधी साफ करून घ्या, मग पुढची तुलना."

दत्तारामाने तो कॅमेरा भिकूकडे नेला. साफसफाईची पाच उंबरं पडली. ती पिल्लाची संध्याकाळची उंबरं होती. भिकूने आत बघितलं, फुंकलं, पुन्हा बघितलं.

"हितं धूळ न्हाई, राव."

"बारीक आहे. दिसत नाही. साफ करा."

भिकूने जे नव्हतं ते साफ करून दिलं. घेतलेली उंबरं त्याने खाल्ली नाहीत, बाजूला ठेवली. काही दुकानदार असे असतात, मुलांनो. त्यांची दुकानं मोठी होत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताराम भिंतीसमोर बसला होता. साफ केलेल्या कॅमेऱ्याचे फोटो झाले होते. बगळ्याच्या कॅमेऱ्याचे अकरा राहिले होते. इतक्यात आतून ठक ठक आवाज आला. भिंतीचं एक ढेकूळ खाली पडलं.

आला, मुलांनो, तो क्षण आला! ज्यासाठी सगळं केलं तो! आणि या वेळी दत्ताराम बरोबर समोर होता, एक सोडून दोन कॅमेरे घेऊन!

दत्ताराम ओरडला, "अगं थांब! भिंत मोडू नकोस! अकरा राहिलेत!"

ठक ठक थांबलं. मग सगळी भिंत एकदम खाली आली आणि कुमुदिनी बाहेर आली. वाळली होती. तिच्या मागून पिल्लू आलं. त्याने बाबांकडे पाहिलं आणि ते आईच्या पंखाआड लपलं. दत्तारामाने फोटो काढला नाही. समोर भिंतच उरली नव्हती.

"आता तुलना कशी पुरी होणार?" तो म्हणाला.

कुमुदिनी चिडली नाही. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "भिंतच हवी ना तुम्हाला? मग आतून बघा. आतली बाजू अजून कोणी तपासलेली नाही."

हा मुद्दा दत्तारामाला पटला. दोन्ही कॅमेरे घेऊन तो ढोलीत शिरला. कुमुदिनीने चिखल आणला. पिल्लाने आयुष्यातलं पहिलं काम केलं. बाबांना लिंपलं.

फट तेवढी ठेवली. रीत म्हणजे रीत.

संध्याकाळी कुमुदिनी फटीशी आली. "दोन उंबरं आणलीत. यातलं एक घ्या. कोणतं देऊ?"

"बघू," दत्ताराम म्हणाला. "उजव्याचा रंग छान आहे. पण डावं जरा भरीव वाटतं. उजव्याच्या देठाशी…"

तोवर पिल्लाने दोन्ही खाल्ली.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. दुसऱ्या दिवशी तर डावं स्पष्टपणे सरस होतं. तसं त्याने सांगितलंही, पण पिल्लू पटकन निर्णय घेणारं होतं.

तिसऱ्या दिवशी दत्तारामाला भुकेने काही सुचेना. अंधारात बसून तो गिधाडाच्या कॅमेऱ्यातले जुने फोटो चाळू लागला. भिंत, भिंत, भिंत. कॅमेऱ्यामागचा पडदा नखाएवढा, तरी सातशे बारावा फोटो आला तसा तो थांबला. त्याने तो डाग मोठा केला. आणखी मोठा केला.

धुळीला पापण्या होत्या.

तो डोळा होता. फटीतून बाहेर बघणारा, बाबांकडे बघणारा, पिल्लाचा पहिला डोळा. गिधाडाच्या कॅमेऱ्याने एका दमात दहा फोटो काढले होते. त्यातल्या एकात डोळा उघडा सापडला होता. आणि दत्तारामाने तो पाच उंबरं देऊन पुसायला सांगितला होता.

दत्ताराम रडला. चोच मोठी असली की रडणं ढोलीभर घुमतं. कुमुदिनी फटीशी आली. तिच्याकडे दोन उंबरं होती.

"कोणतं देऊ?"

"कोणतंही दे," दत्ताराम म्हणाला.

कुमुदिनीने भिंत फोडली. दत्ताराम बाहेर आला. पिल्लाने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणालं, "आई, यांना चोच आहे!"

गिधाडाचा कॅमेरा दत्तारामाने विकत घेतला. भिकूने ती पाच उंबरं किमतीतून वजा केली. पिल्लू पहिल्यांदा उडालं तेव्हा दत्ताराम समोर होता. त्याने फोटो काढला. तो पार हलला. फोटोत एक करडा फराटा आहे आणि थोडं आभाळ आहे. कुमुदिनीने तो ढोलीत लावला. सरडेसरांनी तो पाहिला आणि त्यांना कोणता रंग घ्यावा ते कळेना.

तात्पर्य: मुलांनो, फोटो नेहमी भिंतीचे काढावेत. भिंत हलत नाही, वाढत नाही आणि एके दिवशी उडून जात नाही. आणि सेन्सर वेळच्या वेळी साफ करून घ्यावा. नाहीतर फोटोत पिल्लं येतात.